बोकडाच्या रक्ताची भुकटी ब्रॉयलरच्या खाद्यात: कशी करावी, किती द्यावी

ब्रॉयलरच्या एकूण खर्चातला ६५ ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो आणि त्यातही मोठा पैसा सोयाबीनच्या पेंडीत जातो. विदर्भात सोयाबीन दारात पिकतं, पण पेंड मात्र तेल काढणाऱ्या प्लांटच्या भावानेच विकत घ्यावी लागते. त्यामुळे शे-दोनशे पक्षी पाळणारा माणूस स्वस्त प्रथिन शोधू लागला की त्याची नजर गावातल्या टाकाऊ मालावर जाते. कोठ्यातलं शेण, शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेलं, विष्ठा मिसळलेलं तूस, चिकनच्या दुकानातली पिसं-आतडी, मटणाच्या दुकानामागे नालीत वाहणारं रक्त. यातली प्रत्येक वस्तू कोंबडीला घालून पाहणारे लोक आहेत. घालण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे रक्त. तेही उकळून, वाळवून, पक्षी तीन आठवड्यांचे झाल्यावर आणि शंभर किलो खाद्यात तीन किलोपर्यंतच.

बाकीच्या वस्तू का नकोत

कोंबडीच्या सुकवलेल्या विष्ठेची प्रयोगशाळेत तपासणी केली तर प्रथिन २५-३० टक्के दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. तपासणीत नत्र मोजून त्यावरून प्रथिन काढतात, आणि विष्ठेतलं निम्म्याच्या आसपास नत्र युरिक आम्लाचं असतं. गाय-म्हैस पोटातल्या जिवाणूंच्या मदतीने असं नत्र थोडंफार वापरते, कोंबडीला त्याचा काहीच उपयोग नाही. वर राख आणि चोथा जास्त, ऊर्जा नगण्य. शिवाय आधीच्या बॅचला दिलेली औषधं आणि रोगजंतू पुन्हा नव्या बॅचच्या पोटात. गाईच्या शेणात तर कोंबडीच्या कामाचं जवळपास काहीच उरलेलं नसतं. ही दोन्ही खतं वावरात टाकावीत, तिथे त्यांची किंमत पूर्ण वसूल होते.

पिसांमध्ये प्रथिन ८० टक्क्यांच्या वर आहे, पण ते केराटिन. ते पचण्याजोगं करायला दाबाखाली वाफेत बराच वेळ शिजवावं लागतं आणि ती यंत्रणा गावात नसते. नुसती उकळून कुटलेली पिसं जशी आत जातात तशी बाहेर येतात. चिकनच्या दुकानातली आतडी आणि मुंडकी तर शेडच्या आसपासही आणू नयेत. कोंबडीचा कचरा कोंबडीला घालणं म्हणजे राणीखेत, साल्मोनेला आणि बर्ड फ्लू यांना आयतं निमंत्रण. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा त्या पट्ट्यातले लाखो पक्षी मारावे लागले होते. बाहेरच्या कोंबडीचा कुठलाही अवयव आपल्या शेडमध्ये आणण्याचा धोका किती मोठा आहे, हे त्यावरून कळावं.

शेणावर किंवा भाजीच्या कचऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवून त्या कोंबडीला देण्याची पद्धत चांगली आहे. वाळलेल्या अळीत प्रथिन ४० टक्क्यांच्या पुढे, चरबी ३० टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियमही भरपूर असतं. तिचं वेळापत्रक मात्र वेगळं, जागा वेगळी, आणि एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या उन्हात माशा आणि अंडी जगवणं अवघड. एक गोष्ट लक्षात ठेवावी: युरोपात २०२१ पासून कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनाला परवानगी आहे, पण शेण-विष्ठेवर वाढवलेले कीटक तिथेही चालत नाहीत. अळ्या करायच्याच तर भाजीबाजारातल्या कचऱ्यावर कराव्यात. तो स्वतंत्र धंदा आहे, त्याबद्दल इथे एवढंच.

कोणतं रक्त घ्यायचं

मटणाच्या दुकानात डोळ्यांदेखत कापलेल्या, कापण्याआधी पायावर उभ्या असलेल्या आणि खात-पीत असलेल्या निरोगी बोकडाचं किंवा शेळीचंच रक्त घ्यायचं. मेलेल्या जनावराचं रक्त कधीच नाही. यात सवलत नाही आणि त्याचं कारण काळपुळी. हा रोग शेळ्यांना होतो, जनावर अचानक मरतं, नाका-गुदद्वारातून काळपट रक्त येतं आणि ते नीट गोठत नाही. या रोगाचे जिवाणू हवेत आले की बीजाणू तयार होतात, आणि हे बीजाणू साध्या उकळण्याने खात्रीने मरत नाहीत. कोंबडीच्या आधी तो धोका रक्त हाताळणाऱ्या माणसाला आहे. दुकानदाराने ‘रात्री एक मेली, तिचंही घेऊन जा’ म्हटलं तर त्या दिवशी तिथून काहीच उचलू नये.

२५ किलो वजनाच्या बोकडातून साधारण एक लिटर रक्त निघतं. ताज्या रक्तात ८० टक्के पाणी, उरलेलं जवळपास सगळं प्रथिन. दहा लिटर रक्तातून गाळणं, सांडणं, चिकटणं वजा जाता पावणेदोन किलोच्या आसपास भुकटी हाती येते. म्हणून नेहमीच्या दिवशी एखाद-दुसरं बोकड कापणाऱ्या दुकानावर हे काम चालत नाही. आठवडी बाजाराचा दिवस, रविवार, सणवार, अशा दिवशी दोन-तीन दुकानांतून पंधरा-वीस लिटर मिळत असेल तरच चूल पेटवावी. चार लिटरसाठी आणि वीस लिटरसाठी मेहनत सारखीच लागते.

दुकानदाराला आदल्या दिवशी झाकणाची स्वच्छ बादली नेऊन द्यावी. रक्त जमिनीवरून गोळा केलेलं नको, गळ्याखाली धरलेल्या भांड्यातलं हवं. जमिनीवरच्या रक्तात शेण, माती, केस आणि पोटातला चारा येतो, आणि भुकटीत वाळू आली की प्रथिनाचा हिशेब बिघडतो. रक्त गोठलं तरी चालतं, आपल्याला ते नंतर गोठवायचंच आहे. ते गोठू नये म्हणून काही दुकानदार मीठ टाकतात, तेवढं मात्र टाकू देऊ नका. लिटरला दहा ग्रॅम मीठ टाकलं तर वाळल्यावर भुकटीत पाच टक्क्यांपर्यंत मीठ होऊ शकतं, मग खाद्यातलं मीठ कमी करावं लागतं. ते लक्षात राहिलं नाही की पक्षी पाणी जास्त पितात आणि तूस ओलं होतं.

उन्हाळ्यात कापल्यापासून दोन तासांच्या आत आणि हिवाळ्यात चार तासांच्या आत रक्त चुलीवर चढलं पाहिजे. उग्र कुजका वास आला, फेस दिसला, रंग हिरवट-काळा झाला तर खड्ड्यात पुरून टाकावं. कुजलेलं रक्त उकळल्याने जंतू मरतात, पण कुजताना तयार झालेली घाण तशीच राहते.

उकळणं

साहित्य फार लागत नाही. तीस लिटरचा जाड बुडाचा गंज, लांब दांड्याचा लाकडी सराटा, जाड सुती कापड, दोन-तीन घमेली, रबरी हातमोजे, बूट. हे सगळं या कामासाठीच वेगळं ठेवावं, घरच्या स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये. चूल शेडपासून आणि विहिरीपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी. हाताला चीर असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

रक्त थेट गंजात ओतून जाळ लावला की ते बुडाला चिकटून करपतं. नवख्यांची पहिली खेप हमखास अशीच वाया जाते. आधी गंजात पाणी उकळायला ठेवा, रक्ताच्या एक-तृतीयांश, म्हणजे पंधरा लिटर रक्ताला पाच लिटर. पाण्याला खळखळून उकळी आली की रक्त एकेक तांब्या सोडत जा आणि सराटा थांबू देऊ नका. गोठलेल्या रक्ताचे गोळे आधीच हाताने फोडून घ्या. ८० अंशांच्या आसपास रक्त घट्ट होऊ लागतं, लाल रंग जाऊन तपकिरी येतो आणि खरवसासारख्या वड्या जमतात.

वड्या जमल्या म्हणजे काम झालं असं नाही. बाहेरून तपकिरी झालेली मोठी वडी मधे लालच असते, आणि तिथे जंतू जिवंत राहतात. सराट्याने वड्या फोडत राहायचं. सुपारीपेक्षा मोठा तुकडा गंजात राहता कामा नये. पूर्ण उकळी आल्यापासून घड्याळ लावून तीस मिनिटं. मग चार-पाच तुकडे काढून मधोमध कापून बघा. आत लाल किंवा गुलाबी छटा दिसली तर आणखी दहा मिनिटं.

जळणाचाही विचार हवा. पऱ्हाटी धडधडून पेटते, पाण्याला उकळी आणायला उत्तम. एकदा रक्त सोडलं की मात्र तो भडका नको. तुराट्या किंवा बाभळीचं लाकूड घालून आच खाली आणा. प्रथिन ज्या घटकांनी बनतं त्यांना अमायनो आम्लं म्हणतात. रक्तातलं सगळ्यांत मोलाचं अमायनो आम्ल लायसिन आणि तेच जास्त आचेला सगळ्यांत आधी बिघडतं. करपलेली भुकटी तपासणीत ८० टक्के प्रथिन दाखवते, पण पक्ष्याला त्यातलं लायसिन मिळत नाही. महागड्या मशीनने केलेल्या भुकटीतही दर्जाचा फरक मुख्यतः याच गोष्टीने पडतो.

तीन-चार लिटरच रक्त असेल तर मोठा प्रेशर कुकर वापरता येतो. खाली पाणी, वर झाकणाच्या डब्यात रक्त, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आच थेट लागत नाही म्हणून करपण्याची भीती नाही आणि तापमानही १०० अंशांच्या वर जातं. कुकर अर्थात याच कामाचा वेगळा.

पिळणं आणि वाळवणं

शिजलेला माल सुती कापडात ओतून पिळून घ्यायचा. कापडाची गाठोडी करून दोन फळ्यांमध्ये ठेवा, वर दगड ठेवा, अर्धा-पाऊण तास. जितकं पाणी इथे निघेल तितकं ऊन कमी लागेल. गळालेलं पाणी नालीत सोडू नये, दुसऱ्या दिवशी गावभर वास सुटतो. उकिरड्यात खड्डा करून त्यात ओता आणि वर कुटार-माती टाका.

पिळलेला माल हाताने चुरून टिनाच्या पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर पसरायचा. थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधायचं, मालाला टेकणार नाही असं. माशा बसल्या तर काही तासांत अंडी घालतात. पत्रा जमिनीवर न ठेवता खाटेवर किंवा विटांवर ठेवा. अंगणातल्या गावरान कोंबड्या मालावर चढल्या आणि विष्ठा पडली की तीस मिनिटं उकळल्याचा उपयोग संपला. शिजवलेल्या मालात पुन्हा जंतू शिरतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर. कच्च्या रक्ताची बादली आणि शिजलेला माल एकाच हाताने, त्याच मोज्यांनी हाताळू नका. मोजे बदला.

दर तासाला माल फिरवायचा. मार्च ते मे महिन्यांत एका दिवसात, फार तर दीड दिवसात माल कुरकुरीत होतो. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस लागतात आणि रात्री दव पडतं, म्हणून संध्याकाळी माल आत घ्यावा लागतो. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर हे काम सुरूच करू नये. जून-सप्टेंबरमध्ये करायचंच असेल तर पसरट कढईत निखाऱ्यावर, सतत हलवत, थोडा थोडा माल सुकवावा लागतो. त्यात वेळही जातो आणि करपण्याचा धोकाही वाढतो. पावसाळ्यात हे काम बंद ठेवणंच बरं.

माल वाळला की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. काचेच्या कोरड्या बरणीत दोन मुठी माल आणि एक चमचा तव्यावर भाजलेलं बारीक मीठ टाका, झाकण लावून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ सुटं राहिलं तर माल बऱ्यापैकी कोरडा आहे. मीठ बरणीच्या भिंतीला चिकटलं किंवा त्याचे गोळे झाले तर आणखी एक ऊन द्यावं लागेल. ओलावा दहा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोत्यात भरायचं नाही.

मग दळणं. पिठाच्या गिरणीत हा माल कोणी घेणार नाही आणि देऊही नये, तिथे माणसांचं पीठ निघतं. खाद्य भरडण्याचं छोटं हॅमर मशीन असेल तर उत्तम, नसेल तर उखळात कुटून रव्याच्या चाळणीने चाळा. वरचा जाड भाग पुन्हा कुटा. चांगली भुकटी गडद तपकिरी, किंचित तांबूस, सुटी आणि सौम्य वासाची असते. काळीकुट्ट झाली आणि जळका वास येत असेल तर ती खाद्यात न घालता झाडांच्या आळ्यात टाका, नत्राचं चांगलं खत आहे.

पहिल्या खेपेचा पाव किलो नमुना प्रथिन आणि ओलाव्यासाठी तपासून घ्यावा. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे, तिथे चौकशी करावी. पश्चिम विदर्भातल्या लोकांना अकोल्याची पशुवैद्यक संस्था जवळ पडेल. प्रथिन ७५ टक्क्यांच्या खाली आलं तर बहुधा माती, पोटातला चारा किंवा ओलावा यांपैकी काहीतरी राहिलं आहे.

तीन टक्केच का

रक्ताच्या भुकटीत ८० टक्के प्रथिन आहे म्हणजे सोयाबीन पेंडीच्या जवळपास दुप्पट. मग पेंड बंद करून रक्तच का घालू नये, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर आयसोल्युसिन नावाच्या अमायनो आम्लात आहे. रक्तात लायसिन सात-साडेसात टक्के, पण आयसोल्युसिन जेमतेम एक टक्का. सोयाबीन पेंडीत तेच दोन टक्के.

हिशेब मांडून बघू. तीन ते सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरला खाद्यात ०.७३ टक्के आयसोल्युसिन लागतं. मका आणि सोयाबीन पेंडीच्या २० टक्के प्रथिनाच्या साध्या खाद्यात ते ०.८५ टक्क्यांच्या आसपास असतं. तीन टक्के रक्त घालून त्या मापाने पेंड कमी केली तर ०.७६ होतं, म्हणजे भागतं. सहा टक्के रक्त घातलं की ०.६७ वर येतं. कागदावर प्रथिन २० टक्केच दिसतं, पक्षी मात्र वाढत नाही, कारण जे अमायनो आम्ल सगळ्यांत कमी पडतं तेच वाढीची मर्यादा ठरवतं. शिवाय चार-पाच टक्क्यांच्या पुढे पक्षी चवीमुळे खाद्य कमी खातात. मेथिओनिन हे आणखी एक अमायनो आम्लही रक्तात कमी असतं, म्हणून ते थोडं वाढवून घालावं लागतं.

शंभर किलो फिनिशर (तीन आठवड्यांनंतरचं) खाद्य

मक्याचा भरडा ६३.५ किलो
सोयाबीन पेंड, तेल काढलेली, ४५ टक्के प्रथिनाची २७ किलो
रक्ताची भुकटी ३ किलो
खाद्यतेल २.७ किलो
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.७ किलो
चुनखडी भुकटी १.२ किलो
मीठ २५० ग्रॅम
डीएल-मेथिओनिन २५० ग्रॅम
जीवनसत्त्व-खनिज मिश्रण, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारं) आणि कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सिडिओसिस रोखणारं औषध) मिळून ४०० ग्रॅम, प्रत्येकाचं माप पाकिटावर दिल्याप्रमाणे

याचं प्रथिन २० टक्क्यांच्या आसपास, ऊर्जा किलोला सुमारे ३०५० ते ३१०० किलोकॅलरी आणि लायसिन १.१ टक्क्यांच्या पुढे येतं. वेगळं लायसिन घालावं लागत नाही.

रक्ताशिवाय याच ताकदीचं खाद्य करायचं तर मका ५९, पेंड ३३, तेल ४.१ किलो आणि १०० ग्रॅम लायसिन लागतं. म्हणजे तीन किलो भुकटीने सहा किलो पेंड आणि १.४ किलो तेल वाचलं, मका साडेचार किलो जास्त लागला. समजा पेंड ४५, तेल १२० आणि मका २४ रुपये किलो धरला, तर २७० अधिक १६८ वजा १०८, म्हणजे ३३० रुपये. वाचलेलं लायसिन आणि वाढलेलं मेथिओनिन साधारण एकमेकांत जातं. या भावांना एक किलो भुकटीची किंमत ११० रुपये पडली. आपल्या गावातले आजचे भाव घालून हा हिशेब दर बॅचला नव्याने करावा. पेंड स्वस्त झाली की एवढी मेहनत परवडत नाही.

शंभर पक्षी चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मिळून साधारण अडीचशे किलो फिनिशर खातात. त्यासाठी सात किलो भुकटी, म्हणजे चाळीस लिटर रक्त लागेल. बचत शंभर पक्ष्यांमागे पावणेआठशे रुपयांच्या आसपास, त्यातून जळण आणि दोन दिवसांची मजुरी वजा. स्वतःच्या घरची माणसं, फुकटचं जळण आणि फुकटचं रक्त असेल तर हे पैसे गाठीला पडतात. रक्त विकत घेऊन, मजूर लावून हा खटाटोप करू नये. कंपनीशी करार करून पाच हजार पक्षी वाढवणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. खाद्य कंपनीचं असतं आणि त्यात स्वतःचं काही मिसळणं कराराच्या विरुद्ध जातं.

विदर्भात स्वस्त म्हणून आणखी काही गोष्टी खाद्यात टाकण्याचा मोह होतो. सरकीची ढेप ब्रॉयलरला नको, तिच्यातलं गॉसिपॉल वाढ खुंटवतं. मोहाची ढेपही नको. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तांदळाची कणी स्वस्त मिळते. ती मात्र मक्याच्या जागी २०-२५ किलोपर्यंत खुशाल वापरावी, फक्त बुरशीचा वास नसावा.

मिसळणं

तीन किलो भुकटी थेट शंभर किलोच्या ढिगावर टाकून फावड्याने दोनदा हलवली की एका पक्ष्याला सहा टक्के आणि दुसऱ्याला शून्य मिळतं. आधी मेथिओनिन, मीठ, जीवनसत्त्वं, औषधं हे सगळं दोन किलो भरड्यात हाताने मिसळा. मग त्यात रक्ताची भुकटी आणि आणखी दहा किलो भरडा मिसळा. हे मिश्रण पेंडीवर पसरा, मग उरलेला मका. ताडपत्रीवर ढीग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फावड्याने किमान पाच वेळा पालटा. तेल शेवटी, थोड्या भरड्यात चोळून. दोन-तीन ठिकाणची मूठ हातात घेऊन रंग बघा, तांबूस ठिपके सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. एका वेळी दहा दिवस पुरेल एवढंच खाद्य मिसळावं.

पक्ष्यांना देणं

पहिले २१ दिवस रक्त अजिबात नाही. या वयात पिल्लाची पचनशक्ती कोवळी असते आणि चवीमुळे खाणं थोडं जरी कमी झालं तरी पुढे ती वाढ भरून काढणं अवघड जातं. २२व्या दिवसापासून तीन दिवस एक टक्का, पुढचे तीन दिवस दोन, मग तीन टक्के. एक आणि दोन टक्क्यांच्या दिवसांत प्रत्येक किलो कमी भुकटीमागे पेंड दोन किलो आणि तेल अर्धा किलो वाढवून मका दीड किलो कमी करा.

उन्हाळ्यात खाद्य सकाळी नऊच्या आत आणि सूर्य मावळल्यावर द्या. भर दुपारी पोट भरलेला पक्षी आतूनही तापतो आणि ४४-४५ अंशांत तोच आधी मरतो. गार, स्वच्छ पाणी मात्र दिवसभर समोर हवं.

रक्त सुरू केल्यावर विष्ठा गडद, काळपट दिसू लागते. ते साहजिक आहे. त्यात ताजं लाल रक्त दिसलं, पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसले, तर ती कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाची लक्षणं आहेत आणि भुकटीचा रंग समजून ती सोडून देऊ नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. तूस ओलं होऊ लागलं तर आधी मीठ तपासा, दुकानदाराने रक्तात टाकलं होतं का ते विचारा. पक्षी खाद्य सांडतात, निवडून मका खातात, भांड्याच्या तळाला भुकटी उरते, असं दिसलं तर भुकटी जाड राहिली आहे किंवा करपली आहे. खाणं सारखं पण वजन मागे पडतंय, तर माप जास्त झालं आहे किंवा मेथिओनिन राहून गेलं आहे. एकाएकी जुलाब आणि मर सुरू झाली तर भुकटीचं खाद्य त्याच क्षणी बंद, नमुना बाजूला ठेवा आणि मेलेला पक्षी शवविच्छेदनाला न्या.

साठवण आणि गाई-शेळ्या

भुकटी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवावी. हिवाळ्यात-उन्हाळ्यात दोन महिने टिकते. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून जून लागायच्या आत संपवावी. गोळे झालेली, पांढरट बुरशी आलेली भुकटी वापरू नये. ऊन दाखवून ती पुन्हा चांगली होत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत कोंबडीचं खाद्य, गाईची ढेप आणि शेळ्यांचा भरडा एकाच खोलीत असतो. भुकटीचा ड्रम आणि भुकटी मिसळलेलं खाद्य तिथे ठेवू नका. दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांपैकी कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून बाकीच्यांना गाय-म्हैस आणि डुक्कर यांच्यापासूनचं मांस, हाडं, रक्त असलेलं खाद्य देऊ नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. बोकडाचं रक्तही गाई-शेळ्यांच्या तोंडी लागू नये, कारण मेंदूचा घातक रोग रवंथ करणाऱ्या जनावरांत अशाच खाद्यातून पसरल्याचं जगाने पाहिलं आहे. ड्रमवर लाल रंगाने ‘फक्त कोंबडी’ लिहा, घमेलं आणि माप वेगळं ठेवा, आणि घरात गाईला ढेप घालणारा जो कोणी असेल, म्हातारा किंवा लेकरू, त्याला हे बोलून सांगा. शेडची सफाई झाल्यावर उरलेलं खाद्य कोठ्यात नेऊन गव्हाणीत टाकण्याची सवय अनेकांना असते. हे खाद्य तिथे जाता कामा नये.

गिऱ्हाइकाने विचारलं तर खाद्यात काय आहे ते खरं सांगा. काहींना ते चालत नाही, तो त्यांचा हक्क आहे.

पहिली बॅच

पहिल्या वेळी सगळ्या पक्ष्यांवर प्रयोग नको. शंभरातले वीस पक्षी जाळी लावून वेगळे करा. त्यांनाही तेच पिल्लू, तीच जागा, तेच पाणी, फक्त खाद्य भुकटीचं. दोन्हीकडचं खाद्य वजन करून घाला आणि वहीत लिहा. २१व्या, २८व्या, ३५व्या आणि ४२व्या दिवशी सकाळी खाद्य घालण्याआधी दोन्ही गटांतले दहा-दहा पक्षी काट्यावर घ्या. ४२व्या दिवशी खाल्लेलं एकूण खाद्य भागिले वाढलेलं वजन, असा दोन्हीकडचा आकडा काढा. भुकटीच्या गटाचा आकडा साध्या गटाएवढाच आला किंवा फार तर ०.०५ ने जास्त आला, तर पुढच्या बॅचला सगळ्यांना द्या. त्याहून जास्त फरक पडला तर पुढची खेप मंद आचेवर करून पुन्हा वीस पक्ष्यांवरच बघा. तोवर बाकीच्यांना पेंडच.